खारकेचं घर : टॅरंटुलाच्या काचपेटीत काय ठेवावं आणि काय नाही

आमच्या घरी टॅरंटुला येणार हे नक्की झालं, त्या रात्री माझ्या अकरा वर्षांच्या लेकीने खरेदीची यादी केली. प्लास्टिकची कवटी, प्लास्टिकचं निवडुंग, जांभळी एलईडी पट्टी आणि "मोठे मोठे दगड, बाबा, डोंगरासारखे". मी पहिल्या तीन गोष्टी खोडल्या आणि दगड ठेवले. म्हटलं, सगळं नैसर्गिक साहित्य वापरू, लहानपणी दिवाळीत अंगणात किल्ला करायचो तसा झकास डोंगर उभा करू. त्यात माझं नेमकं काय चुकलं हे कळायला तीन आठवडे लागले. तुमच्यापैकी कुणाच्या घरी असा आठ पायांचा पाहुणा येणार असेल, तर त्याचे तीन आठवडे वाचावेत म्हणून हा लेख.

आधी पाहुणीची ओळख. आम्ही ॲरिझोनात फिनिक्सजवळ राहतो. आमची खारीक (नाव अर्थातच रंगावरून) इथल्याच सोनोरन वाळवंटातल्या जातीची आहे. शास्त्रीय नाव ॲफोनोपेल्मा चॅल्कोडीस, दुकानातलं नाव ॲरिझोना ब्लाँड. ती रानातून उचललेली नाही, पैदास करणाऱ्याकडून घेतलेली आहे. हा मुद्दा मी मुद्दाम आधी सांगतो. या जातीची मादी वयात यायलाच आठ-दहा वर्षं लागतात, आणि ती २५ वर्षांच्या आसपास जगू शकते. वाळवंटात फिरताना दिसलेली एक मोठी मादी डब्यात घालून आणणं म्हणजे त्या जागेची दहा वर्षांची कमाई उचलून आणणं. विकत घेताना "पैदाशीची आहे का" हा प्रश्न किमतीच्याही आधी विचारा.

आणि घर सजवण्याआधी मूळ घर बघून या. आम्ही ते उलट्या क्रमाने केलं. पेटी आधी सजवली आणि बीळ नंतर पाहिलं.

बीळ दिसलं ते ऑगस्टमधल्या एका संध्याकाळी. इथे उन्हाळ्याच्या शेवटी जो पाऊस येतो त्याला इथले लोकही मॉन्सूनच म्हणतात. त्या दिवसांत वयात आलेले नर माद्यांच्या शोधात बिळं सोडून बाहेर पडतात, म्हणून टेकडीवरच्या पायवाटेने आम्ही जमिनीकडे बघत चाललो होतो. सपाट, उघड्या जमिनीत एक गोल भोक होतं, जुन्या रुपयाच्या नाण्याएवढं. काठावर रेशमाचं अस्तर होतं. दिवसा याच तोंडावर मलमलीसारखा पातळ पडदा विणलेला असतो, तो संध्याकाळी उघडला होता. आत काळोखात दोन पाय दिसत होते. आजूबाजूला डोंगर नाही, ओंडका नाही, झुडूपही नाही. लेक म्हणाली, "हिच्याकडे तर काहीच नाही." तिच्याकडे जे होतं ते सगळं जमिनीखाली होतं.

मातीत उष्णता फार हळू मुरते. कोरड्या मातीचा साधारण हिशेब असा आहे, की दर ८ सेंटीमीटर खोलीला दिवस-रात्रीच्या तापमानाचा चढउतार जवळजवळ एक तृतीयांश उरतो. नेमकं सांगायचं तर ३७ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे २४ सेंटीमीटरवर हा चढउतार वरच्या फक्त ५ टक्के असतो. वर जमिनीवर दुपार आणि पहाट यांत ३० अंशांचा फरक असेल, तर एक वीत खाली गेल्यावर तो दीड-दोन अंशांवर येतो. ओलाव्याचंही तसंच आहे. वरची माती फुफाट्यासारखी असली तरी खाली थोडी ओल टिकून राहते. मादी जवळपास सगळं आयुष्य एका बिळात काढते आणि खोलवर किंवा तोंडाशी सरकून आपल्याला हवं ते हवामान निवडते. आपल्या घरी थर्मोस्टॅट भिंतीवर असतो, तिचा उभा जमिनीत गेलेला असतो.

म्हणून काचपेटीतलं सगळ्यात महत्त्वाचं नैसर्गिक साहित्य म्हणजे माती, आणि ती भरपूर हवी. दुकानात दिसणाऱ्या पेट्यांमध्ये तीन-चार सेंटीमीटर भुसा आणि त्यावर भरघोस देखावा असतो. प्रमाण नेमकं उलटं करायचं.

आमची पेटी म्हणजे माशांसाठी मिळणारी दहा गॅलनची साधी काचेची टाकी, ५० सेंटीमीटर लांब, २५ रुंद, ३० उंच. त्यात मी १८ सेंटीमीटर माती भरली. हा आकडा वाचायला सोपा वाटतो, पण गुणाकार करून बघा : साडेबावीस लिटर माती, म्हणजे २५ किलोच्या पुढे वजन. भरल्यावर पेटी हलवता येत नाही. मी ती जेवणघरात भरली आणि मग लेकीच्या खोलीपर्यंत नेताना कंबर धरून बसलो. आधी जागा ठरवा, टेबल भक्कम आहे का बघा आणि जागेवरच भरा.

माती कोणती? नुसता काथ्याचा भुसा बहुतेक लोक वापरतात, कारण त्याची विटेसारखी दाबलेली वडी स्वस्त मिळते आणि पाण्यात टाकली की फुगते. हा भुसा बराचसा श्रीलंका, केरळ, तमिळनाडूकडून येतो. सोडणं काही ठिकाणी खाऱ्या पाण्यात कुजवतात, त्यामुळे हलक्या मालात मीठ असू शकतं. दोन-तीन पाण्यांनी धुऊन घ्यावा. दमट जंगलातल्या जातींना तो चालतो. पण खोदणाऱ्या वाळवंटी जातीसाठी नुसता काथ्या कामाचा नाही. सुकला की तो सुटा होतो आणि बिळाचं छत बसतं. नुसती वाळू तर त्याहून वाईट. वाळवंट म्हणजे वाळू हे आपल्या डोक्यातलं चित्र राजस्थानच्या टेकड्यांवरून आलेलं असतं. इथलं वाळवंट बहुतेक ठिकाणी घट्ट, खडे मिसळलेलं आणि चिकणमातीने बांधलेलं आहे.

मी केलेलं मिश्रण असं : खत किंवा औषध न मिसळलेली साधी पिशवीतली बागेची माती तीन भाग, मुलांच्या खेळायची धुतलेली वाळू एक भाग, काथ्याचा भुसा एक भाग आणि बांधणीपुरती थोडी चिकणमाती. पिशवीवरची अक्षरं चष्मा लावून वाचा. "झाडं जोमाने वाढवणारी", "ओलावा धरणारे दाणे असलेली", पांढरे हलके दाणे घातलेली कुंडीची माती नको.

पाणी किती घालायचं याची परीक्षा आपल्याला आजीने शिकवलेली आहे. मूठभर मिश्रण घेऊन लाडू वळा. वळला गेला पाहिजे, बोटाने दाबल्यावर फुटला पाहिजे आणि तळहात ओला होता कामा नये. रव्याच्या लाडवाला तूप कमी पडल्यावर जसा भुगा होतो तसं झालं तर पाणी कमी आहे. बोटांतून पाणी गळलं तर जास्त. मग चार-पाच सेंटीमीटरचा एकेक थर घालून मुठीने दाबत जायचं. शेवटी एका कोपऱ्यात काचेला लागून, हातातल्या जाड मार्करएवढ्या काठीने तिरकं भोक पाडायचं, सात-आठ सेंटीमीटर. हे तिच्यासाठी आमंत्रण. काचेला लागून पाडलं तर बीळ काचेशेजारून जाण्याची शक्यता वाढते आणि तुम्हाला आत डोकावता येतं. तिकडच्या काचेला बाहेरून काळा कागद लावा, बघताना बाजूला करा.

नंतर पेटीला दोन-तीन आठवडे द्या. वरचा थर सुकू द्या. लगेच कोळी सोडला तर तो ओल्या मातीवर पाय टेकायला कुरकुरतो आणि काचेवर चढून बसतो. या चढण्याकडे मात्र गंमत म्हणून बघू नका.

टॅरंटुलाच्या शरीराचा मागचा भाग, म्हणजे पोट, ही पातळ कातडीची द्रवाने भरलेली पिशवी आहे. हृदय त्यातच, पाठीच्या बाजूला लांब नळीसारखं असतं. झाडांवर राहणाऱ्या जाती चपळ आणि हलक्या असतात. जमिनीवरच्या जाती जड, आणि चढण्यात अडाणी. एका फुटावरून दगडावर पडणं त्यांच्या जिवावर बेतू शकतं, कारण पोट फाटलं तर रक्त थांबवणं कठीण. म्हणून मातीची पातळी आणि झाकण यांच्यातली मोकळी उंची कोळ्याच्या पायपसाऱ्याच्या दीडपटीहून जास्त नको. पायपसारा म्हणजे पुढच्या पायाच्या टोकापासून तिरक्या समोरच्या मागच्या पायाच्या टोकापर्यंतचं अंतर. खारकेचा आठ सेंटीमीटर, म्हणून आमच्या पेटीत वर बारा सेंटीमीटर मोकळे. खोल माती भरल्याचा हा दुसरा फायदा. पडण्याची ऊर्जा उंचीच्या प्रमाणात असते, आणि तुम्ही उंचीच काढून घेतलेली असते.

जाळीचं झाकणही बदला. पायाच्या टोकाला असलेली नखं बारीक जाळीत अडकतात, कोळी उलटा लोंबकळत राहतो आणि सुटण्याच्या धडपडीत पाय तुटतो किंवा तो खाली पडतो. ॲक्रिलिकचा पत्रा कापून त्याला ड्रिलने भोकं पाडली की काम झालं.

आता माझी चूक. मी पहिल्यांदा पेटी लावली तेव्हा मातीवर मधोमध तळहाताएवढे तीन दगड एकावर एक रचले होते. दिसायला फार छान. दोन-अडीच आठवडे कुणी तिकडे फिरकलं नाही. मग खारकेने खोदायला सुरुवात केली आणि तिला सगळ्यात सुरक्षित जागा वाटली ती दगडांखालचीच. बरोबरच आहे, वर घट्ट छत. पण ते छत मातीवर टेकलेलं आहे हे तिला कसं कळणार? एका सकाळी लेक ओरडत आली. खालचा दगड खचून तिरका झाला होता आणि खोदलेली खोली बंद. आम्ही दोघांनी श्वास रोखून चमच्याने माती काढली. खारीक पेटीच्या दुसऱ्या टोकाला, पाण्याच्या वाटीमागे बसलेली होती. नशीब तिचं आणि आमचंही. दगड हवेच असतील तर ते आधी काचेच्या तळावर टेकवा आणि मग भोवती माती भरा, म्हणजे कितीही खोदलं तरी ते हलणार नाहीत. टोकदार नकोत. खरं निवडुंगही नको. वाळवंटात ते शोभतं, पण काटा पोटात जायला वेळ लागत नाही.

दगडाच्या जागी आम्ही लावली बुचाची साल, आणि माझ्या मते जगातल्या सगळ्या कोळी पाळणाऱ्यांनी एकच गोष्ट विकत घ्यायची असेल तर ती ही. इथे एक घोटाळा टाळू. पुण्या-मुंबईच्या रस्त्याकडेला पांढऱ्या सुगंधी फुलांचा सडा घालणारं आपलं बुचाचं झाड ते हे नव्हे. त्याच्या सालीचा हलक्या प्रतीचं बूच म्हणून उपयोग व्हायचा, म्हणून ते नाव पडलं. खरं बूच देणारा वृक्ष म्हणजे ओकची एक जात. जगातलं निम्म्याच्या आसपास बूच एकटा पोर्तुगाल देतो. झाड तोडत नाहीत. साल सोलतात आणि पुन्हा वाढायला नऊ वर्षं देतात. १६६५ साली रॉबर्ट हुक यांनी 'मायक्रोग्राफिया'त सूक्ष्मदर्शकाखालच्या ज्या कप्प्यांना "सेल" म्हटलं, ते याच बुचाचे. ते कप्पे मेलेले, हवेने भरलेले आणि त्यांच्या भिंतींत सुबेरिन नावाचं मेणचट द्रव्य. म्हणून साल हलकी, पाणी न पिणारी आणि बुरशीला सहजी दाद न देणारी. खाली खोदलं आणि ती बसली तरी कोळ्याच्या पाठीवर मूठभर वजनही येत नाही. खडबडीत असल्याने रेशीम अडकवायला जागा मिळते. आम्ही अर्ध्या नळीसारखा तुकडा घेतला आणि आधी पाडलेल्या तिरक्या भोकाच्या तोंडावर अर्धा पुरून ठेवला.

हे रेशीम अडकवणं आपल्याला क्षुल्लक वाटतं, पण तिच्यासाठी तोच देखावा आहे. टॅरंटुलाला डोळे आठ, पण नजर जेमतेम. उजेड-अंधार आणि जवळची हालचाल एवढंच. जग तिला पायांतून कळतं. पायांवरचे बारीक केस हवेची झुळूक ओळखतात, कातडीतल्या सूक्ष्म फटी जमिनीची थरथर टिपतात आणि पायांवरच्या काही केसांनी ती चवही घेते. बिळाच्या तोंडापासून काटक्यांपर्यंत ताणलेला धागा म्हणजे तिची दारावरची घंटा. जांभळा दिवा तिच्या दृष्टीने फक्त त्रास. आणि रंगवलेल्या प्लास्टिकवर ती ज्या पायांनी चव घेते तेच पाय टेकते, हे लेकीला सांगितल्यावर कवटीचा आग्रह आपोआप मावळला.

पायांनी चव घेणारा प्राणी म्हटल्यावर लाकूड आणि पानं निवडताना वासाकडे लक्ष द्यायला हवं. सीडर, पाइन यांसारखी राळ आणि तेल असलेली लाकडं नकोत. कपाटात कपड्यांना कसर लागू नये म्हणून सीडरच्या गोळ्या ठेवतात, ते उगाच नाही. तसंच कडुलिंब. आपण धान्यात कडुलिंबाचा पाला घालतो कारण किड्यांना तो मानवत नाही. त्यातलं एक द्रव्य किड्यांच्या कात टाकण्याच्या संप्रेरकातच ढवळाढवळ करतं. कोळीही त्याच कुळातल्या संप्रेरकांच्या जोरावर कात टाकतो. इकडे बऱ्याच मराठी घरांच्या अंगणात हौसेने लावलेला कडुलिंब आहे, म्हणून आवर्जून सांगितलं. ओक, बीच, मॅग्नोलिया यांची झाडावरून आपोआप गळलेली, तपकिरी वाळलेली पानं चांगली. त्यांत टॅनिन भरपूर, त्यामुळे ती सावकाश कुजतात. इंग्लंडात राहणाऱ्यांना शरद ऋतूत ओक आणि बीच दोन्ही पायाखालीच मिळतील. आम्ही मेस्कीटच्या वाळलेल्या काटक्या घेतल्या, काटे छाटून.

बाहेरून आणलेलं साहित्य ओव्हनमध्ये १०० अंश सेल्सिअसला अर्धा-पाऊण तास तापवा, समोर उभं राहून. किंवा लाकूड आणि पानं उकळून उन्हात वाळवा. माइट, किड्यांची अंडी, बुरशी यांचा निकाल लागतो. पण यात एक मोठी गफलत लोक करतात. उष्णतेने जीव मरतात, कीटकनाशक नाहीसं होत नाही. आमच्या भागात घरोघरी विंचवांसाठी दर महिन्याला फवारणी होते. त्यात बहुधा पायरेथ्रॉइड गटातली औषधं असतात, आणि ती मातीला धरून महिनोन्महिने टिकतात. ती किड्यांच्या चेतातंतूंवर घाव घालतात, आणि कोळी त्याच गोतावळ्यातला. लेकीने अंगणातून जमवलेले सुंदर खडे आणि पानं मी त्याच कारणाने परत टाकायला लावली, आणि तिला ते अजिबात आवडलं नाही. नियम सोपा ठेवा. जिथे फवारणी होत नाही याची खात्री आहे तिथूनच आणा, नाहीतर विकत घ्या. घरात कुत्रा किंवा मांजर असेल आणि पिसवांचं औषध मानेवर टाकत असाल, तर त्यांना कुरवाळल्यावर हात धुतल्याशिवाय पेटीत घालू नका. राष्ट्रीय उद्यानातून मात्र काही म्हणजे काही उचलू नका, दगडसुद्धा. सग्वारो राष्ट्रीय उद्यान आमच्यापासून दोन-अडीच तासांवर आहे आणि तिथे पडलेल्या वाळक्या निवडुंगांचे सांगाडे फार मोहात पाडतात. तसे भोकाभोकांचे चोया निवडुंगाचे सांगाडे दुकानात मिळतात.

पाण्याबद्दल दोन टोकांच्या चुका होतात. एक, "वाळवंटातली आहे, पाणी कशाला". कोळ्याच्या पायांच्या मुख्य सांध्यांत पाय वाकवणारे स्नायू आहेत, सरळ करणारे नाहीत. पाय सरळ होतो तो आत रक्त दाबाने ढकलल्यामुळे, जेसीबीचा हात तेलाच्या दाबाने उचलला जातो तसा. शरीरातलं पाणी फार कमी झालं की दाब पडतो आणि सगळे पाय पोटाखाली मुडपतात. असा मुडपलेला कोळी म्हणजे धोक्याची घंटा. पसरट उथळ वाटी, सतत भरलेली, एवढं पुरे. स्पंज घालू नका, त्यात घाण साठते.

दुसरी चूक उलट : रोज फवाऱ्याने सगळी पेटी ओली करणं. टॅरंटुला पोटाखालच्या चार पुस्तकी फुप्फुसांनी श्वास घेतो. म्हणजे वहीच्या पानांसारखे एकावर एक पातळ पडदे. कोंदट, ओल्या हवेत बुरशी आणि माइट वाढतात आणि त्याचा त्रास तिलाच. वर कोरडं, खाली किंचित ओलं, हेच बिळातलं गणित पेटीत आणायचं. मी माती भरतानाच एका कोपऱ्यात एक जाड नळी तळापर्यंत उभी ठेवली होती. महिन्यातून एकदा तिच्यातून अर्धा कप पाणी खाली सोडतो. शेवाळ्यांपैकी स्फॅग्नम हे कोरड्या वजनाच्या पंधरा-वीसपट पाणी धरतं, म्हणून दमट जातींच्या पेटीत ते वापरतात. आमच्याकडे त्याची गरज पडली नाही.

तापमानाबद्दल थोडक्यात. घरात तुम्ही शर्टात आरामात बसू शकत असाल तर तीही बसू शकते. पेटीखाली ठेवायची गरम पट्टी मात्र घेऊ नका. उकडलं की खाली खोदायचं हे तिच्या रक्तात आहे, आणि तुम्ही उष्णता खालूनच देत आहात. ती जितकी पळेल तितकी चुलीजवळ जाईल.

झाडावरच्या जाती पाळणाऱ्यांसाठी हे सगळं आडवं करावं लागतं : उंच पेटी, उभी बुचाची नळी, मनी प्लांटसारखी खरी झाडं, थोडी जास्त ओल. याच संदर्भात एक गोष्ट. आंध्र प्रदेशातला निळाशार पेसिलोथेरिया मेटॅलिका इथल्या दुकानांत पाहून बऱ्याच भारतीयांना अभिमान वाटतो. १८९९ साली पोकॉक यांनी वर्णन केलेली ही जात रानात फार थोड्या जागेत उरली आहे आणि तिला लाल यादीत अतिसंकटग्रस्त ठरवलं आहे. तिचीच एक बहीण, पेसिलोथेरिया रेगॅलिस, आपल्या सह्याद्रीतल्या झाडांच्या ढोलीत राहते. २०१९ पासून हा सगळा गट साइटीस कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे, म्हणजे देशांच्या सीमा ओलांडून नेण्याला परवाने लागतात. गावी गेलात आणि ढोलीत दिसला तर फोटो काढून या. शिवाय त्यांचं विष आमच्या खारकेपेक्षा बरंच जहाल असतं, नवशिक्यांनी त्यांच्या वाटेला जाऊ नये.

खारकेचं शस्त्र वेगळं आहे. पोटावरचे केस ती मागच्या पायांनी खरवडून उडवते. ज्याने लहानपणी खाजकुयलीला हात लावला आहे त्याला जास्त सांगायला नको. डोळ्यांत गेले तर डॉक्टर गाठावा लागतो. जुनी सजावट बदलताना, माती काढताना हे केस त्यात असतातच. म्हणून हातमोजे, चष्मा, आणि पेटीवर तोंड झुकवून फुंकर मारायची नाही. तिला हातावर घेण्याचा प्रश्न आमच्या घरी पहिल्याच दिवशी निकालात निघाला. पडण्याचं गणित लेकीने स्वतः केलं होतं.

तर असं दुसऱ्यांदा घर लागलं : माती, एक बुचाची साल, चार काटक्या, मूठभर पानं, पाण्याची वाटी. लेकीच्या भाषेत "रिकामा प्लॉट". चौथ्या रात्री खारीक सालीखाली शिरली. आठवड्याभरात सालीबाहेर मातीचा ढीग पडला, काटक्यांवर धागे दिसू लागले. आणि मग ऑक्टोबरच्या सुरुवातीला तिने माती आणि रेशीम मिसळून बिळाचं तोंड आतून लिंपून टाकलं. काचेच्या बाजूलाही दाट रेशीम.

पहिला आठवडा लेक रोज कागद बाजूला करून बघायची. तिसऱ्या आठवड्यात तिने विचारलं, "तिला आपलं घर आवडलं नाही का?" पाचव्या आठवड्यात विचारलं, "मेली असेल तर आपल्याला वास येईल ना?" मला खणून बघायचा मोह दोनदा झाला. तुम्हालाही होईल. खणू नका. तोंड लिंपणं म्हणजे बहुधा कात टाकण्याची तयारी. त्या वेळी ती पाठीवर उताणी पडते, जुनं कवच फोडून एकेक पाय मोज्यातून काढावा तसा बाहेर काढते, आणि नंतर कित्येक दिवस तिचे दातसुद्धा मऊ असतात. त्या काळात छत पाडणारा माणूस हा तिचा सगळ्यात मोठा शत्रू. आम्ही वाटीतलं पाणी बदलत राहिलो, नळीतून अर्धा कप पाणी सोडलं, आणि पेटीत एकही किडा टाकला नाही. मऊ कोळ्याला भुकेला नाकतोडाही चावतो.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात एका सकाळी तोंड उघडलेलं दिसलं. सालीबाहेर, वाटीपाशी, चुरगळलेली कात टाकून दिलेली होती. आणि आत, काचेपलीकडे, ताज्या मखमलीसारखी, आधीपेक्षा चांगली बोटभर मोठी झालेली खारीक.

कात टाकून देऊ नका. कोमट पाण्यात साबणाचा एक थेंब टाकून ती भिजवली की पुन्हा मऊ होते. पोटाचा भाग चिमट्याने उलगडून, आतल्या बाजूने, वरच्या दोन फुप्फुसांच्या खुणांच्या मधे भिंगाने बघायचं. मादी असेल तर तिथे शुक्राणू साठवायच्या पिशवीचं अस्तर, छोट्या घडीसारखं, उठून दिसतं. नर असेल तर तिथे तसं काही नसतं. फरक फार मोठा आहे. नर वयात येताना शेवटची कात टाकतो, त्यानंतर महिने किंवा फार तर वर्ष-दीड वर्ष उरतं. इतके दिवस आम्ही खारकेला "ती" म्हणत होतो ते केवळ खारीक शब्द स्त्रीलिंगी म्हणून.

जेवणाच्या टेबलावर पांढऱ्या बशीत कात पसरली. लेकीने भिंग धरलं, मी चिमटा. घडी होती. तिने भिंग खाली ठेवलं, बोटांवर हिशेब केला आणि म्हणाली, "बाबा, म्हणजे मी कॉलेजला जाईन तेव्हा ही एवढी मोठी पेटी कोण उचलणार?"